लाल शाईतलं नाव

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळात २०१४ च्या हळदीकुंकवाला तिळगुळापेक्षा जास्त चवीनं एकच गोष्ट चघळली गेली. ऊर्मिलेनं म्हणे साहेबाचं वाईट व्हावं म्हणून त्याचं नाव मुद्दाम लाल शाईत छापवलं! सुलेखाताईंनी तर वाण लुटता लुटता 'करणी' हा शब्दही वापरला.

करणी! ज्या बाईनं जन्मात लिंबू कापलं ते फक्त सरबतासाठी!

ऊर्मिला चीनला यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत सेक्रेटरी. सहा वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन चिनी शिकली. आपले इंजिनियर तिकडे तोंडघशी पडू नयेत म्हणून तिनं लाल रंगाच्या चिनी वाक्प्रचारांची चोवीस पानांची वही केली. आपल्याकडे डोळे लाल झाले की माणूस चिडलेला. चिनीत तो दुसऱ्याचं बरं बघून जळत असतो. 'लाल माणूस' म्हणजे साहेबाच्या खास मर्जीतला. 'दार उघडताच लाल' म्हणजे सुरुवातीलाच यश. 'तोंड लाल, मान जाड' हे वर्णन भांडताना फुगलेल्या माणसाचं.

तिचा साहेब ब्रॉकमान. त्याला चिनीत चहासुद्धा मागता येत नव्हता. आपल्या कुठल्याही काकूंना जमेल हो तेवढं! पण वही चाळून तो म्हणाला, "वुंडरबार, फारच छान! छापू या." छापून आली ती तेवीस पानं. मुखपृष्ठावर ब्रॉकमानचं नाव, तेही ठसठशीत लाल. चिनी लोकांना लाल शुभ ना!

"जाऊ दे गं," तिचा नवरा नागेश घरी म्हणाला. "एवढीशी तर पुस्तिका."

"जाऊ दे? अहो, तुमच्या गिअरबॉक्सच्या ड्रॉइंगवर दुसऱ्यानं सही ठोकली तर?"

"आल्झो... म्हणजे, ते वेगळं."

"गेनाऊ, अगदी बरोबर! ते तुमचं ना, म्हणून वेगळं!"

नागेश भांडी घासायला उठला.

मग शांघायहून पाहुणे आले. त्यांच्या प्रमुख चेनबाईंनी मुखपृष्ठ पाहिलं आणि पुस्तिका टेबलावर पालथी घातली. "आत इतकं अचूक लिहिणाऱ्याला एवढं कळू नये? जिवंत माणसाचं नाव लाल शाईत? आमच्याकडे अशुभ ते."

ब्रॉकमानचं तोंड लाल, मान जाड. सगळ्यांदेखत त्यानं ऊर्मिलेकडे बोट केलं. "हिनं सांगायला हवं होतं मला!"

ऊर्मिला आपल्या टेबलापाशी गेली, खणातून मूळ वही आणली आणि चेनबाईंपुढे शेवटचं पान उघडून धरलं. बाईंनी ते वाचलं, वही ब्रॉकमानकडे सरकवली आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला हिचं नाव घाला. काळ्या शाईत."

तसंच छापलं गेलं. मंडळात मात्र कोणी दुसरी आवृत्ती मागून पाहिली नाही. त्यांना करणीच हवी होती.

जिवंत माणसाचं नाव लाल शाईत लिहू नये, हे ऊर्मिलेनं चोविसाव्या पानावर लिहिलं होतं. त्याच पानाच्या तळाशी तिचं नाव होतं, म्हणून ब्रॉकमाननं ते पान गाळलं.