साडेसहा हातांचा झोपाळा

आधी चहा ओता, मग माझी फजिती ऐका. पण हसायचं जरा बेतानं!

मी पनवेलचा. कारखान्यात नोकरी, काम मोजमापं तपासायचं. केसाची जाडीसुद्धा मी मिलिमीटरमध्ये सांगतो. बायको म्हणते, म्हणूनच तुमचे गळले.

सासर मोरा बंदराजवळ, कोळीवाड्यात. सासूबाईंनी उभा जन्म मासळीच्या टोपल्या वाहिल्या आणि आता कुठे नवं घर बांधलं. त्यांची हौस एकच: वास्तुशांतीच्या दिवशी ओटीवरच्या झोपाळ्यावर पाय सोडून बसायचं. झोपाळा मी द्यायचा. सासूबाईंच्या तोंडून एकदा तरी 'शाब्बास' ऐकावं, एवढीच माझी आस हो!

फोनवर माप आलं. "जावयबापू, कड्या साडेसहा हात. मापाची दोरी धाडू का?"

"दोरी कशाला, आई? माझं कामच ते!"

बायको शेजारीच होती. "अहो, पण हात कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? हात अठरा इंचांचा! सोनारानं तोळा दहा ग्रॅममध्ये बसवला, मग हात सेंटीमीटरमध्ये बसायला काय झालं?"

मोबाइलवर गुणाकार केला आणि कळंबोलीत जातीनं उभा राहून लोखंडी कड्या करून घेतल्या. दोन मीटर सत्त्याण्णव सेंटीमीटर. केसाचा फरक नाही!

वास्तुशांतीच्या सकाळी, सगळ्या पाहुण्यांदेखत, छताच्या हुकांना कड्या लावल्या, कड्यांना फळी अडकवली. आणि फळी कुठे? जमिनीपासून चार बोटं वर!

सासूबाई नवं लुगडं नेसून आल्या. बसल्या. गुडघे थेट हनुवटीला.

"जावयबापू, ह्यो झोपाला हाय का पाट?"

आता तरी मी गप्प बसावं ना? छे! खिशातला टेप काढला आणि त्यांचा हात कोपरापासून बोटांपर्यंत मोजला. एकोणचाळीस सेंटीमीटर!

"बघा आई, माझं माप बरोबरच आहे. तुमचाच हात प्रमाणापेक्षा आखूड आहे!"

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

"या हातान मासलीची जाली मोजली आमी," सासूबाई म्हणाल्या. "कंदी कुनी आखूड नाय बोलला."

लुगडं सावरत त्या फळीवरून उठल्या, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचारीनं किती दिवस मनात धरलेली हौस, आणि मी ती जमिनीला टेकवली!

कड्या कापणारा दुसऱ्या दिवशी येणार होता. तोवर पंगत बसली. सासूबाईंनी मला, मानाचा जावई म्हणून, त्या फळीवरच बसवलं आणि ताट समोर जमिनीवर मांडलं. घासासाठी पुढे वाकलो की फळी सर्रकन मागे! ताट आपलं जागच्या जागी. सगळी पंगत जेवायची सोडून माझ्याकडे बघतेय.

सासूबाई भाताचं पातेलं घेऊन आल्या, ताटात चांगला डोंगर रचला आणि गोड हसल्या.

"जेवा ना, जावयबापू! तुमचा हात तर परमानात हाय. मंग ताटाला पोचत कसा नाय?"