उलट्या पावलांची प्रदक्षिणा

एटोबिकोच्या घरून निघण्यापूर्वीच मी सगळं आखून ठेवलं होतं: विमान, भाड्याची गाडी, थर्मास, अस्वलांना पळवायचा बेअर स्प्रे, सासऱ्यांच्या गोळ्या. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर जपानी कोळ्यांनी फार पूर्वी जंगलात एक शिंतो देऊळ बांधलं होतं. सासऱ्यांना ते बघायचं होतं. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघंच गेलो.

पायवाटेच्या तोंडाशी पिवळा बोर्ड होता. कूगर, म्हणजे इथला डोंगरी वाघ, नुकताच दिसला होता. पळू नका, पाठ फिरवू नका. मी वाचेपर्यंत बाबा पुढे गेलेही होते. त्यांना गाठून म्हटलं, वाघ आहे म्हणतात, दर्शन घेऊन लगेच फिरायचं.

"सूनबाई, तुझ्या यादीत देवाला किती मिनिटं?"

मी स्प्रे हातात घेतला. वाटेवर इतकं शेवाळ होतं की आमची पावलं आम्हालाच ऐकू येत नव्हती.

देऊळ लहान, लाकडी, काळं पडलेलं. पाठीमागचे देवदार भिंतीला टेकल्यासारखे. बाबांनी बूट काढले, हात जोडले आणि डावीकडून प्रदक्षिणेला निघाले. इथे प्रदक्षिणा घालत नाहीत हे मी सांगेपर्यंत ते देवळामागे वळलेसुद्धा.

मी उजव्या कोपऱ्याकडे बघत थांबले. एवढंसं देऊळ, पण ते येईनात. दोनदा हाक मारली. मांजराच्या मुतासारखा उग्र वास येत होता. मी स्प्रेची क्लिप काढली.

तेवढ्यात डावीकडूनच त्यांची पाठ दिसली. हात जोडलेले, मान किंचित झुकलेली, एकेक पाऊल मागे टाकत ते येत होते.

"पाठ फिरवू नकोस," ते हळूच म्हणाले. "देवळामागे बसलंय."

मी त्यांच्या स्वेटरची पाठ मुठीत धरली. झाडांमध्ये फक्त एक शेपूट हलताना दिसलं. मग तेही दिसेना, आणि ते जास्त वाईट होतं. तसेच उलटे चालत आम्ही गाडीपर्यंत आलो.

दारं लॉक केल्यावर मी विचारलं, बोर्ड वाचला होतात का.

"कुठला बोर्ड? चष्मा गाडीतच होता. गाभाऱ्यातून कोणी देवाकडे पाठ करून निघतं का?" मग ते मोज्यांकडे बघत राहिले. "बूट राहिले."

मी गाडी सुरू केली. पिवळ्या बोर्डाखालची नेच्याची पानं हलली. वारा नव्हता.