चोवीस ओळींची मिनी

काल सुधाकरकडे भिंतीवरचं ते चित्र पुन्हा पाहिलं. नुसत्या अक्षरांनी आणि टिंबांनी काढलेली त्याची सहा वर्षांची मिनी, घोट्यापर्यंतच.

इंटरनेट घरोघरी यायच्या आधी आम्ही मित्र फोनच्या तारेला कॉम्प्युटर जोडून बुलेटिन बोर्डावर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक फळ्यावर, अशी चित्रं टाकायचो. पडदा ऐंशी अक्षरं रुंद आणि पंचवीस ओळी उंच. शेवटची ओळ बोर्डाच्या सूचनेसाठी सोडायची. चित्राची एक ओळ वाढली, की वरून डोकं सरकून नाहीसं व्हायचं. म्हणून सुधाकरनं पाय कापले.

"बाबा, माझे पाय?" मिनीनं विचारलं होतं.

"मावत नाहीत गं. पुढच्या वेळी काढू."

त्याच वर्षी ती तापानं गेली. त्या पडद्याला मी पुष्कळ शिव्या घातल्या. पण किती ओळी मिळणार, हे पडद्यानं निदान आधी सांगितलं होतं.

आता पडद्याला तळच नाही, बोटानं कितीही खाली जा. मी म्हटलं, "सुधाकर, आता काढ की पाय."

त्यानं चित्राच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"बसलो होतो रे काढायला. कसे होते, तेच आठवत नाही."