एका कान्याची काळी बाटली

कालव्यात गाळ कसा साचतो हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पाणी पुढं जातं, गाळ मागं राहतो. इंदापूरच्या कॅनॉलच्या क्वार्टर्समध्ये गोष्टींचंही तसंच आहे. चार बायका हळदीकुंकवाला जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "अहो, ती बाटलीची गोष्ट सांगा ना." मी विचारते, कुठली? कारण बाटलीच्या गोष्टी पाच-सहा आहेत, आणि त्यांतलं नेमकं काय झालं हे माझं मलाच अजून उमगलेलं नाही. म्हटलं, एकदा लिहून काढावं. लिहिल्यानं उमगतं म्हणतात.

*

आमचे हे कॅनॉलवर ओव्हरसियर. मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेली, म्हणजे काळजी करण्यापुरती शिकलेली. आमची चिमी चार महिन्यांची झाली तेव्हा मी एका मासिकात वाचलं की मुलाचं वजन दर महिन्याला वाढलं पाहिजे. झालं! तोवर चिमी मला बरी दिसत होती. वाचल्यापासून रोडच दिसायला लागली.

सासूबाईंना घेऊन मोटारीनं बारामतीला डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांकडं एवढ्या लहान मुलाचा काटा नव्हता. दवाखान्याला लागूनच गुळाची अडत. डॉक्टर म्हणाले, "तिथं तोलून आणा, काटा चोख आहे."

तोलारानं चिमीला पारड्यात घातलं, वजनं चढवली, उतरवली आणि हाळी दिली, "पावणेपाच शेर!" मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "माल जरा वाळका हाय, बाई."

सासूबाई भडकल्या. "अरे, ही काय गुळाची ढेप आहे?"

"न्हाय, आजी. ढेप आसती तर वजनाला उतरली आसती."

डॉक्टरांनी आकडा ऐकून मान हलवली. "दूध कमी पडतंय. महिनाभर बघू. नाहीच वजन चढलं तर डब्याचं दूध सुरू करू." परतताना मोटारीत सासूबाईंनी चिमीला पदराखाली घट्ट धरून ठेवलं. आमच्याच ओळीतल्या एका घरात डब्याच्या दुधावरचं मूल दगावलं होतं, त्याला वर्षही झालं नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी अळीव, डिंक, शतावरी, मेथीचे लाडू असा मारा सुरू केला. आठ दिवसांत वाढलं ते एवढंच, की माझ्या चोळ्या उसवाव्या लागल्या. दूध होतं तेवढंच राहिलं.

*

त्याच आठवड्यात साहेब इन्स्पेक्शनला आले. बरोबर मडम होती. मी चिमीला घेऊन बंगल्यावर नमस्काराला गेले, तर मडमनं चिमीचा दंड दोन बोटांत धरला आणि "टू थिन, टू थिन" म्हणत आत गेली. बाहेर आली ती गवतात गुंडाळलेल्या सहा काळ्या बाटल्या घेऊन. "फॉर बेबी. एव्हरी डे." तिच्या भावानं विलायतेहून पाठवलेल्या.

मी "थँक यू" म्हटलं. तिसरीपर्यंतच्या इंग्रजीत ते उत्तम येतं. प्रश्न सुचला तो घरी आल्यावर. बेबीसाठी म्हणजे बेबीनं घ्यायचं, की मी?

हे म्हणाले, "तिनं बेबी म्हटलं ना? मग बेबी."

मी चांदीचा चमचा उकळत टाकला. तेवढ्यात बंगल्यावरचा शिपाई धावत आला. "मडमसायेबांनी सांगावा धाडलाय. लेकराला द्यायचं न्हाय, लेकराच्या आईनं घ्यायचं. आन् लेकराच्या बापानं तर हातसुदिक लावायचा न्हाय."

*

बाटलीवर चिठ्ठी होती. त्यावर दोन मोठे शब्द. दुसरा होता 'स्टाउट'. हा मला येत होता. शाळेत पाठ केला होता: स्टाउट म्हणजे लठ्ठ, धष्टपुष्ट. मला फार धीर आला. औषधाचा गुण इतक्या स्पष्टपणे बाटलीवर छापणारे लोक खोटे नसणार.

पहिला शब्द 'ऑयस्टर'. तो आमच्या धड्यांत आला नव्हता. यांची डिक्शनरी काढली. तिथं अर्थ दिला होता, 'कालव'.

"कालवण असेल," मी म्हटलं. "ण पडला असेल."

हे हसले. "कालवणाची बाटली कोण भरतं? काना पडलाय. कालवा!" खात्याच्या माणसाला कालव्याशिवाय काही दिसत नाही. त्यांनी पेन्सिलीनं डिक्शनरीत व-ला काना दिला आणि समाधानानं म्हणाले, "कालव्याच्या पाण्यावर केलेलं, लठ्ठ होण्याचं औषध. साहेब कॅनॉलचा, मेहुणाही कॅनॉलचाच असणार."

सासूबाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. विलायती बाटली घरात आली म्हणून त्यांनी पदर नाकाला लावला होता, तो त्यांनी काढला. "पाणीच आहे ना? मग एवढं काळं कसं?"

"काळ्या मातीतून आलं असेल," हे म्हणाले.

सासूबाईंना पटलं. आमच्या इथल्या मातीतून पावसाळ्यात पाणी येतं ते याहून फार वेगळं नसतं. मलाही पटलं. शिकलेल्या माणसाला एकदा छापील आधार मिळाला की पुढचं सगळं पटत जातं.

*

बाटली यांनी दाराच्या कोयंड्यात अडकवून उघडली. हात न लावण्याचा सांगावा त्यांनी फक्त पिण्याला लागू धरला. टोपण उडालं, आणि पाठोपाठ तपकिरी फेसाचा लोंढा आला तो थेट टेबलावरच्या मेजरमेंट बुकावर, म्हणजे कामाच्या मापांच्या सरकारी वहीवर. कॅनॉल खात्यात मूल हातातून पडलं तर चालेल, मेजरमेंट बुक भिजता कामा नये. हे दोन दिवस ते उन्हात वाळवत होते.

तपासणीला साहेबांनी नेमकं तेच पान उघडलं. "हा डाग कसला?"

"कालव्याचं पाणी, सर."

साहेबांनी पान नाकाशी नेलं. डोळे मिटले. मग आणखी एकदा पान हुंगून सही करून टाकली.

*

चव? ती मला अजून नीट सांगता येत नाही. करपलेल्या कॉफीत कडू काढा घालून वर काकवीचं बोट फिरवावं तशी काहीतरी. आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागं किंचित खारट. त्या खारटपणानं मला शंका आली. कालव्याचं पाणी खारट कसं? पाण्यात काही दोष असेल, आणि तो दुधातून चिमीच्या पोटात जात असेल तर?

हे म्हणाले, "तात्यांना विचारू."

तात्या आमचे पाटकरी. शेतकऱ्यांना पाळीचं पाणी सोडायचं काम. तीस वर्षं कालव्याच्या काठानं चालून त्यांची अशी ख्याती झाली होती की ओंजळभर पाणी तोंडात घेऊन ते कुठल्या फाट्याचं हे सांगत. तात्या मागच्या ओसरीवर बसले, वाटी तोंडाला लावली, घोट घोळवला, गिळला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"ह्ये आपलं न्हाय," तात्या म्हणाले. "आपला डावा कालवा आसा कडू न्हाय."

"मग?"

"आनिक घोटभर द्या. एका घोटात कळत न्हाय."

आणखी दिलं. मग आणखी. तिसरी वाटी संपवून त्यांनी मिशा पुसल्या आणि निकाल दिला. "उजव्याचं हाय. उजव्याच्या लोकांचं कामच कडू."

"पण बाळाला बाधेल का हो, तात्या?"

तात्यांनी आकाशाकडं बघितलं. "वैनीसायेब, मला आता कायबी बाधत न्हाय."

त्यांना न्यायला त्यांची सून पारू आली, कडेवर तिचं पाच-सहा महिन्यांचं पोर. "मामा, उठा. पानी पियाला म्हून आलाव आन् हितंच मुक्काम व्हय?" जाताना ती चिमीकडं बघून थबकली. "लईच बारीक हाय वो, वैनी," म्हणाली. त्या शब्दानं त्या दिवशी माझं जेवण गेलं.

*

तिसरी बाटली चालू असताना कंपाउंडरच्या घरच्या माई माहेराहून परतल्या. माहेर रत्नागिरीकडचं. मी मोठ्या कौतुकानं डिक्शनरी दाखवली. माईंनी यांनी दिलेला काना बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि पदरात तोंड घालून हसत सुटल्या.

"अगो, कालव म्हणजे कालवा नव्हे. समुद्रात खडकाला शिंपा चिकटून असतात. कोयतीनं फोडायच्या. आत लिबलिबीत जीव असतो, ते कालव. आम्ही आमटी करतो त्याची."

"जीव?" मी म्हटलं.

"जिवंतच की. फोडेपर्यंत."

मी आंब्याच्या झाडाखाली जाऊन बसले. मी बारा दिवस तो जीव पीत होते, आणि चिमीही पीत होती, माझ्यातून. माई मात्र वाटीभर मागून घेऊन, डोळे मिटून चाखत होत्या. "माहेरची चव काही लागत नाही यात," म्हणाल्या. "मेलं खडक चाटल्यासारखं लागतंय." तरी वाटी पुसून प्यायल्या.

यांना विचारलं तर म्हणाले, "शुद्धलेखनाची चूक म्हणून सोडून दे."

मला सोडता येईना. सासूबाईंनी जन्मात अंडं हातात धरलेलं नाही. न सांगावं तर फसवणूक, सांगावं तर बाटल्या उकिरड्यावर आणि महिना संपला की डब्याचं दूध. शेवटी सांगितलं. म्हटलं, "त्यात समुद्राची शिंपी असते. आणि शिंपीत जे असतं, तेही."

सासूबाईंनी आधी देव्हाऱ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "शिंपीत मोती असतो."

मी घाईनं मान डोलावली.

"मोत्याचं भस्म बाळंतिणीला देतातच." त्या उठल्या, पांढरं फडकं घेऊन आल्या, आणि त्या दिवसापासून औषध गाळून द्यायला लागल्या. दर वेळी फडकं उजेडात धरून नीट बघत. त्यांच्या नथीतला एक मोती पुण्याच्या लग्नात हरवला होता.

त्यांचा हात सैलही झाला. वाटीचा पेला झाला. "दुपारचं जेवण झालं की घे आणि जरा पड," म्हणायच्या. "चिमीला मी बघते." मी पडायची ती थेट चहाच्या वेळी उठायची. मान जड, जीभ जड, पण डोक्यातली काळजी तेवढा वेळ बंद. अपराधी वाटायचं, आणि गोडही.

*

महिन्यानं पुन्हा बारामती. पुन्हा तीच अडत, तोच तोलार. चिमी पारड्यात. 

"सहा शेर!"

सासूबाईंनी चिमीवरून हात ओवाळून बोटं मोडली. मला रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात तोलारानं कानावरचा खडू काढला. "कडता धरायचा का, बाई?"

"कडता म्हणजे?"

"गुळाला वल आसती, गोनपाट आसतंय. त्याचं आमी वजनातनं कापतो. मागच्या बारीला कापलं व्हतं."

"माझ्या मुलीचा कडता कापलात?"

"सवय हो. हात आपसूक जातो."

"किती कापला होता?"

तोलारानं डोकं खाजवलं. "त्ये काय आता ध्यानात न्हाय."

म्हणजे चिमी वाढली होती, की मुळातच तेवढी होती, की थोडी होती आणि थोडी वाढली? डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला. चिमीच्या मांडीला आता वळी पडायला लागली होती, ती बघून म्हणाले, "वजनाचं राहू द्या. पोर तर चांगलं आहे. डबा नको. जे चाललंय तेच चालू ठेवा." काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. आम्ही दोघींनीही सांगितलं नाही.

*

बारामतीहून आल्यावर दोन दिवसांनी शेवटची बाटली उपडी केली, तर थेंब निघाला नाही. दुपारी जेवून मी सवयीनं आडवी झाले, पण झोप कुठली! पाळण्यात चिमी कुरकुरायला लागली. वाटलं, आता बाटलीही नाही, आता दूध पुरेल ना? तिला मांडीवर घेतलं, पदर सावरला, आणि बसले.

परसातलं दार वाजलं. न खाकरता, न हाक मारता पारू आत आली. मागच्या ओसरीची पायरी ओलांडताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ती सरळ माजघरात आली, भिंतीला पाठ लावून खाली बसली, एका हातानं चोळीची गाठ सोडली, चिमीला घ्यायला दुसरा हात पुढं केला आणि वर बघितलं.

मी जागी होते.

स्वैपाकघरातून सासूबाई ओले हात पुसत आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. चिमी पारूकडं बघून खुदकन हसली, आणि माझ्या मांडीवरून तिनं दोन्ही हात तिकडं पसरले.

पारूनं माझ्याकडं बघितलं, मग सासूबाईंकडं.

"आज बाटली संपली व्हय, आजी?"