हसनचाचांची गोळी आणि माळ्यावरचा ‘सागर’

या सदरात बहुतेक जण सुरुवातीला लिहितात, की माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता... आणि शेवटाला येईपर्यंत त्यांच्या दारावर लिंबू-मिरची लटकलेली असते. माझं तसं नाही. माझा आधी विश्वास नव्हता, आज नाही, आणि तुम्ही कॉमेंटमध्ये कितीही भीती घातलीत तरी उद्याही बसणार नाही. मग लिहितेस कशाला, असं माझा नवराही विचारतो. लिहिते, कारण गावात ही गोष्ट इतकं तिखटमीठ लावून सांगितली जाते, की परवा मासळी घेताना ती मलाच ऐकवली गेली आणि त्यात मी बेशुद्ध पडले होते. मी बेशुद्ध पडले नव्हते. मी जेवत होते.

तर, नीट सांगते. रेवदंड्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आसपासच्या दुकानदारांची बिलिंगची मशीन्स मीच बघते. नवीन गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं, मग माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघतं. आता त्याचंही काही वाटत नाही.

चौलला सुनंदाताईंचं मेडिकल आहे. त्या शिकलेल्या फार्मासिस्ट, लायसन्स त्यांच्याच नावावर. पण गाव त्या दुकानाला ‘बापूंचं मेडिकल’ म्हणतं. बापू म्हणजे त्यांचे यजमान. गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. बापूंना एक नाद होता, कॉम्प्युटरात सगळं लिहून ठेवायचा. कोण कुठली गोळी घेतं, किती पॉवरची, कुणाला कशाची ॲलर्जी. त्यामुळे गावाला एक भलतीच सवय लागली. वाडीवाले असोत, कोळी असोत की मोहल्ल्यातली माणसं, डॉक्टरची चिठ्ठी घरी कुणी ठेवतच नाही. एकदा बापूंना दाखवली की तिचं काम संपलं. पुढच्या वेळी नुसतं यायचं आणि म्हणायचं, माझी नेहमीची द्या. त्यात भर म्हणजे इथे अख्खं पाकीट कोण घेतो? कात्रीने चार-सहा गोळ्या कापून न्यायच्या. नाव राहतं दुकानातल्या तुकड्यावर, गिऱ्हाइकाच्या हातात नुसता चंदेरी कागद. मी ताईंना कितीदा सांगितलं होतं, की लोकांना चिठ्ठ्या सांभाळायला सांगा. त्या म्हणायच्या, “सांगून थकले गं. म्हणतात, दुकानात हाय की.”

दत्तजयंतीच्या जत्रेनंतर ताईंचा फोन आला, मशीन वेड्यासारखं करतंय. कुणीतरी जत्रेचे फोटो प्रिंट करायला पेन ड्राइव्ह लावला होता. मेडिकलमध्ये फोटो प्रिंट का करतात हे मला विचारू नका, चौलमध्ये एक प्रिंटर असला की तो सगळ्यांचा असतो. मी गेले, व्हायरस काढला, मशीन सुरू केलं. बिलिंगचा प्रोग्रॅम उघडला तर समोर लाल चौकट... ‘डेटाबेस कनेक्शन फेल्ड’.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुकानात कॉम्प्युटर दोन. एक काउंटरवर, बिलं करायला. दुसरा आतल्या खोलीत, त्यात सगळा डेटा. त्याचं नाव ‘सर्व्हर’. काउंटरवालं मशीन वायरीतून आतल्या मशीनला विचारतं, अमक्याची माहिती दे, आणि ते देतं. आता ते देत नव्हतं.

मी ओळीने सगळं तपासलं. वायर, राउटर, फायरवॉल, पासवर्ड. डेटाबेसचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. शेवटी लक्षात आलं, की मूळ फाइलच गेली आहे. व्हायरस तिच्यात घुसला होता आणि अँटिव्हायरसने त्याच्यासकट तिचे लचके तोडले होते. बॅकअपची डिस्क होती, पण ती कायम मशीनलाच लावून ठेवलेली. तिचीही तीच गत. मग मी आतल्या मशीनचं झाकण उघडलं, त्यातली डिस्क बाहेर काढली आणि माझ्या लॅपटॉपला जोडून काही वाचतंय का बघायला लागले. हे लक्षात ठेवा. आतलं मशीन त्या वेळी उघडं पडलं होतं, त्याला करंट नव्हता, आणि त्याची डिस्क माझ्याकडे होती.

तेवढ्यात मरियमचाची आल्या. रेवदंड्याच्या मोहल्ल्यातल्या. त्यांचे यजमान, हसनचाचा, पूर्वी स्वतःची होडी चालवायचे. त्यांना फिट्स येतात. चाचींच्या हातात चंदेरी तुकडा होता, अर्थातच नाव नसलेला.

“सुनंदा, आमच्यांची गोळी दे. सकाळची चुकली. हात थरथरायला लागलाय त्यांचा.”

“चाची, नाव आठवतंय का गोळीचं?”

“मला कशाला आठवंल? बापूनं लिवलेलं हाय ना.”

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. चाचांना एका गोळीने मागे अंगभर चट्टे उठले होते, तोंड आतून सोलवटलं होतं, अलिबागला ॲडमिट करावं लागलं होतं. ती कुठली आणि आत्ताची कुठली, हे त्या डेटात होतं आणि तो डेटा नव्हता. लिहून देणारे डॉक्टर मुलीकडे परदेशात, फोन लागेना. दवाखान्यातले कागद चाचींनी केव्हाच चुलीत घातलेले. ताईंसमोर फिट्सच्या गोळ्यांची पाकिटं मांडलेली, आतल्या गोळ्या एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या.

“अंदाजानं देणार न्हाय मी,” ताई म्हणाल्या. “चुकली तर जीव जाईल माणसाचा. चाची, रिक्षा करा, त्यांना सिव्हिलला न्या.”

“तिथं ते परत इचारतील, कुठली गोळी चालते. मी काय सांगू?”

मला स्वतःचाच राग आला होता. एवढी मशीन्स उघडली आयुष्यात आणि एका म्हाताऱ्या माणसाची एक ओळ बाहेर काढता येत नाही.

दुपार झाली, शटर अर्धं खाली आलं. कोकणात दुपारी दुकान बंद म्हणजे बंद, पण चाची हलल्या नाहीत. आत बाकावर बसून मुलाला फोन लावत राहिल्या, की अब्बांजवळ बस, त्यांना एकटं सोडू नको. ताईंनी डबा उघडला. वालाचं बिरडं आणि भात. मला म्हणाल्या, उपाशी डोकं चालणार न्हाय, दोन घास खा. मी काउंटरवरच ताट घेऊन बसले. समोर ती लाल चौकट तशीच होती, खाली ‘रीट्राय’चं बटण. मी जेवताना डाव्या हाताने ते दाबलं. आशेने नाही, चिडून. बंद पडलेल्या रिमोटची बटणं आपण दाबतो ना, तसंच.

प्रोग्रॅम उघडला.

घास माझ्या हातातच राहिला. ताईंना मात्र यात नवल वाटलंच नाही. त्यांना वाटलं, मी दुरुस्त केलं. त्या वाकल्या, चाचांचं नाव टाकलं. समोर गोळीचं नाव, पॉवर, सकाळ-संध्याकाळ, आणि खाली बापूंनी लिहिलेली ओळ. लाल पट्टीच्या पाकिटातली देऊ नये, चट्टे येतात. ताईंनी ती दोनदा वाचली, मांडलेल्यातलं एक पाकीट उचललं आणि लाल पट्टीचं बाजूला सारलं. या वेळी अख्खं पाकीट दिलं, कापलं नाही. चाची बुरखा सावरत शटरखालून निघून गेल्या. चाचा बरे आहेत, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको.

आता माझं ऐका. मी हात धुतले आणि आधी सगळा डेटा माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. तो पूर्ण होता, अगदी आदल्या संध्याकाळच्या बिलापर्यंत. मग खालच्या पट्टीकडे बघितलं. तिथे प्रोग्रॅम कुठल्या मशीनला जोडला आहे त्याचं नाव येतं. तिथे ‘सर्व्हर’ नव्हतं. ‘सागर’ होतं.

सागर म्हणजे बापूंचं जुनं मशीन, त्यांनी हौसेने नाव दिलेलं. चक्रीवादळात दुकानाचे पत्रे उडाले तेव्हा ते रात्रभर पावसात भिजलं. त्यातली डिस्क मी स्वतः काढली होती. वाचवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, भंगारात दिली. पॉवर सप्लायही काढून दुसरीकडे वापरला. राहिलेला पत्र्याचा डबा बापूंनी टाकू दिला नाही, म्हणून माळ्यावर चढवला होता.

मी काउंटरची नेटवर्कची वायर उपसली. लाल चौकट आली. परत लावली. चौकट तशीच. ‘सागर’ नावाने शोधलं, तर असं मशीनच नाही म्हणे. राउटरमध्ये बघितलं, जोडलेलं होतं फक्त काउंटरचं मशीन. मग शिडी लावून माळ्यावर चढले. डबा होता. त्याला एकही वायर नव्हती. आत पालीची अंडी आणि गंजलेला बोर्ड.

हे मी एका टेक्निकल ग्रुपवर टाकलं तेव्हा बऱ्याच हुशार मंडळींनी मला शिकवलं. म्हणे, काउंटरच्या मशीनमध्येच डेटाची कॉपी असणार. नव्हती, मी ते मशीन अख्खं चाळलंय. मग वायर काढल्यावर ते बंद का पडलं, तेही सांगा. म्हणे, जुनं नाव सेटिंगमध्ये राहिलं असणार. राहिलं असेल. पण नाव राहिलं म्हणून डेटा कुठून येतो? एकाने लिहिलं, मॅडम, तुम्ही दमला होता, नीट बघितलं नसेल. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे छापणार नाहीत.

टेक्निकल मंडळी परवडली. गावाने वेगळंच काढलं. चाचींनी मोहल्ल्यात सांगितलं, बापूनं गोळी दिली. ते फिरत फिरत बापूंच्या थोरल्या भावापर्यंत गेलं. बापू अडकलाय, त्याचा बंदोबस्त करायला हवा, असं त्यांनी ठरवलं आणि रविवारी सकाळी एका भगताला घेऊन दुकानात हजर झाले. मी तेव्हा नवीन बॅकअप बसवत होते. भगताने नारळ काढला, खिळे काढले, माळ्याकडे बोट दाखवलं. तो डबा खाडीत सोडायचा, उंबऱ्यात खिळा मारायचा, म्हणजे बापू परत येणार नाही.

माझं डोकं सटकलं.

“काका, तुम्ही म्हणता बापू आले. बरं, आले. आले आणि काय केलं? एका माणसाला बरोबर गोळी दिली. त्यासाठी त्यांना खिळा मारायचा?”

“तुझा इस्वास न्हाय ना? मग तू मधे बोलू नको,” काका म्हणाले.

“विश्वास नाही म्हणूनच बोलते. कुणी नसेल तर तुम्ही कुणाला बांधताय? आणि असेल, तर तुम्हाला लाज वाटायला हवी.”

भगत काकांकडे बघायला लागला. काका ताईंकडे वळले. “सुनंदा, तू सांग. तुझा नवरा हाय.”

ताईंनी आजवर मोठ्या दिरांपुढे मान वर केलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या शांतपणे बोलल्या.

“भावोजी, यांना बांधायचंच असंल तर बाहेर नको, इथंच बांधा. दुकानात. हयातभर इथंच होते. घरी जेवायला कधी वेळेवर आले न्हायत. पोरीच्या लग्नात मांडवातून उठून गिऱ्हाइकाला इन्सुलिन द्यायला गेले. वर्ष झालं मी रोज त्यांच्या फोटोपुढं बसते, एक शब्द न्हाय. आणि आले म्हणता ते हसनचाचांसाठी. आता त्यांना इथनं पण हाकलायचं?”

भगताने नारळ पिशवीत टाकला. असला विधी आपल्याकडे नाही म्हणाला. काकांनी चहा घेतला नाही, पण जाताना माळ्याकडे बघितलंही नाही. डबा अजून तिथेच आहे.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वायर, डिस्क, करंट, यातलं काहीही नसताना तो डेटा कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. ज्याला टेक्निकल उत्तर सापडेल त्याने जरूर लिहावं, मी मान्य करेन. खिळे आणि नारळवाल्यांनी कृपया लिहू नये.

ते दोघे गेल्यावर ताईंनी काउंटरवरची पाकिटं आवरली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “तू शिकलेली हायस. खरं सांग. असलं काय नसतंच ना गं? असतं तर घरी आले असते.”

“नसतंच, ताई,” मी म्हणाले.

मी हे उत्तर शंभर जणांना तोंडावर दिलं आहे आणि दर वेळी मला बरं वाटलं आहे. त्या दिवशी मात्र देताना मनापासून वाटलं, की आपण चुकत असलो तर बरं.