मंडईत ठरलेली गाडी

गाडी मला हवी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, माझ्यासकट.

घर गोंदियाला लागून मुर्रीत आणि माझी शाळा पार केशोरीच्या वाटेवर. त्यामुळे रोजचं अप-डाउन. साडेचारला उठून डबे करायचे, सकाळची पॅसेंजर धरायची, अर्जुनीला उतरून काळीपिवळी जीपमध्ये बारा जणांत तेरावी बसायचं. संध्याकाळी तेच उलटं. अशी अकरा वर्षं काढली. कंबर इतकी गेली होती की फळ्यावर खालच्या ओळी लिहायला मी मुलींना उभं करायची. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, नोकरी सोडा, नाहीतर हे धक्के सोडा." बदलीचा अर्ज तीनदा करून झाला होता. म्हणून मी ड्रायव्हिंगचा क्लास लावला, रविवारी सकाळी मैदानात गोल गोल फिरले आणि चाळिशीला टेकता टेकता लायसन काढलं.

तेव्हा छोट्या एसयूव्ही नुकत्याच निघाल्या होत्या. आम्ही दोन पाहिल्या. एक पेट्रोलची, जरा बसकी. दुसरी डिझेलची, उंच, मोठ्या चाकांची. माझी उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. उंच गाडीत क्लच पूर्ण दाबायचा म्हणजे पाठ सीटवरून सुटायची आणि कमरेतून कळ निघायची. बसक्या गाडीत सीट वर घेता आली, बॉनेटचं टोक दिसलं, क्लच तर चप्पल सरकवावी तसा गेला. मी ती रेल्वे फाटकापर्यंत नेऊन परत आणली. किती दिवसांनी मला हलकं वाटलं होतं काय सांगू.

आमचे हे तेव्हा मागच्या सीटवर बसून गुडघ्याला किती जागा उरते ते पाहत होते.

"ही बरी वाटते," मी म्हटलं.

"बऱ्या तं दोन्ही हायेत," हे म्हणाले.

ह्यांचं असंच. राईस मिलमध्ये देखरेखीचं काम, धानाचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणारा माणूस. वांगी घेतानाही पाव तास लावणार. गाड्यांसाठी ह्यांनी एका कागदावर दोन रकाने आखले. मायलेज, डिक्की, जमिनीपासून उंची, एअरबॅग. तो कागद शर्टाच्या खिशात राहून राहून घड्यांवर फाटला. एकदा तर तांदळाचा भरलेला कट्टा घेऊन शोरूमला गेले, डिक्कीत किती मावतात ते पाहायला. सेल्समन कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, गाडी लेनी है कि ट्रक?" मी मात्र बाजूला खुर्चीवर बसून होते. क्लच, पाय, कंबर ह्यातलं काही त्या कागदावर नव्हतं. मी सांगितलं नाही. मला वाटायचं, माझ्यासाठी घेऊन राहिले आहेत, तर विचारतीलच की.

चार महिने गेले. मी विचारलं की हे म्हणायचे, "मंडई होऊ दे."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. आज ह्या गावची, उद्या त्या गावची. घरं पाहुण्यांनी भरतात, दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि लग्नाच्या पोरापोरींची पाहापाही तिथेच. ह्यांच्या घरी मोठी गोष्ट मंडईत चार माणसांना विचारल्याशिवाय ठरत नाही. बैलजोडी तशीच घेतली, बोअर तशीच मारली. ह्यांनी त्या वर्षी तीन मंडया केल्या. चौथी ह्यांच्याच मूळ गावची, बोदलकशाच्या अलीकडे. अंगणात ताडपत्रीवर पंधरा-वीस पुरुष, आणि तो कागद हातोहात फिरतो आहे. नणंदेला पाहायला आलेले पाहुणेही त्यांतच बसलेले.

"उंच घ्या. धुऱ्या-बांधावरून जाते," एक जण.

"डिझेलच. लंबा चलती है," दुसरा.

"बसकी गाडी अंगणात शोभत नाही," मामेसासरे म्हणाले, म्हणजे ठरलंच.

मी पाण्याचे गिलास उचलत होते. तेवढ्यात ह्यांची आत्या, जिच्या जिभेला अख्खं घर दबून असायचं, ओसरीवरून म्हणाली, "काऊन जी, चालवनार कोन हाये? हेच बाई ना? मंग तिले काऊन नाही इचारत? कोनती पाह्यजे वो तुले?"

सगळं अंगण माझ्याकडे पाहायला लागलं. हेही. नणंदेची होणारी सासू ओसरीवरच होती, तिनेही मान वळवली. आणि माझ्या तोंडून निघालं, "मी कुठं आत्या, हेच चालवतील. मला काय समजतं त्यातलं?"

सगळ्यांना बरं वाटलं. होणाऱ्या सासूबाई तर हसल्यासुद्धा. मी आत जाऊन चहा ठेवला.

उंच गाडी आली. मी ती एकदा अंगणात चालवून पाहिली, तीनदा बंद पडली आणि मी दोन दिवस अंथरुणावर. मग हे रोज सकाळी मला त्याच गाडीने स्टेशनावर सोडायला लागले. वर्षभर मी ह्यांच्यावर मनातल्या मनात चिडत राहिले. तो राग मला पुरायचाही.

एका सकाळी पॅसेंजर लेट होती, म्हणून हेही थांबले. बाकावर बसल्या बसल्या मी म्हणून टाकलं, "मला ती दुसरी हवी होती. मला स्वतः चालवायची होती."

हे माझ्याकडे पाहतच राहिले. "मंग म्हन्ली काऊन नाही? आत्यानं इचारलं तवा मी तुह्याच तोंडाकडं पाहून राहिलो होतो. तू म्हन्ली असती तं तेच घेतली असती. मामाजीले मी सांगतलं असतं ना."

मी ह्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं. पॅसेंजर लागली, ह्यांनी पिशवी हातात दिली. डब्यात जागा नव्हती, मी दाराशी उभी राहिले.