केसरीनाथच्या मांडवातला वॉकीटॉकी

पडघ्याच्या पुढे हायवेला लागून केसरीनाथची भातशेती होती, तिच्यावर आता गोदामं उभी आहेत. शेवटच्या दोन गोदामांचं काम रखडलं आणि मधलं काँक्रीटचं पटांगण रिकामं पडलं. तिथं दर रविवारी ठाण्या-भिवंडीची हौशी पोरं गाड्या पळवतात. केशरी कोन मांडून वेडीवाकडी वाट आखायची, आणि एकेका गाडीनं ती घड्याळ लावून पार करायची. कोन पडला की वेळेत सेकंद वाढतात. केसरीनाथ पटांगणाचं भाडं घेत नाही. अट एकच, माझा कुणाल शर्यतीत पाहिजे.

आता ज्याच्या अंगणात खेळायचं त्याच्याच पोराला हरवायचं कसं, हा प्रश्न केसरीनाथला पडायला हवा होता. पडला नाही. आपल्याला नको असलेलं माणसाला दिसत नाही, आणि केसरीनाथ तर या बाबतीत पक्का आंधळा.

तरुणपणी तो छकड्याच्या शर्यती मारायचा, तेव्हा त्याचा आवाज खाडीपल्याड ऐकू जायचा म्हणतात. आता गुडघे गेले, उन्हात उभं राहवत नाही. म्हणून कुणालनं त्याला एक वॉकीटॉकी आणून दिला. दुसरा स्वतःच्या गाडीत लावला, त्याची वायर हेल्मेटात, बोलायचं बटण स्टिअरिंगवर. तेव्हापासून केसरीनाथ मांडवात खुर्ची टाकून तो डबा कानाला लावून बसायचा. पहिल्या चॅनेलवर पुकारा व्हायचा, "कार नऊ, कुणाल, स्टार्टला." एवढं ऐकलं की म्हाताऱ्याची छाती फुगायची. आल्यागेल्याच्या कानाला तो डबा लावायचा. पोरानं दोनदा कप आणला, तो साऱ्या गावाला दाखवून झाला. पोराला मात्र तोंडभर शाबासकी कधी दिली नाही. पोर डोक्यावर बसतं, हे त्याचं म्हणणं.

"घरात पोराशी धड बोलत न्हाय, आन त्या डब्यात त्याचा नाव ऐकत बसतंय," हौसा म्हणायची. बायको खरं बोलते हे त्याला कळायचं, म्हणून तर तिचा राग यायचा.

परवाच्या रविवारी खारबावहून पाहुणे आले. त्यांच्या मुलीचं, उन्नतीचं, कुणालशी जमवायचं चाललं होतं. तीही आली होती, बापाशेजारी बसली होती. केसरीनाथनं मांडव वाढवला, जिलेबी सांगितली, आणि चुलतभाऊ लडकूचा लग्नाच्या हळदीत वाजणारा साउंड मागवला. वॉकीटॉकी त्या भल्यामोठ्या स्पीकरला जोडायचा, म्हणजे पोराचं नाव पाहुण्यांच्याच काय, हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्याही कानावर जाईल. लडकूनं जोडला. पण पहिल्या चॅनेलवर दोन पुकाऱ्यांमध्ये नुसती खरखर.

"मानसं कंटाळतील," केसरीनाथ म्हणाला. "जिथं जास्त बोलतात तिथं लाव."

लडकूनं खटका फिरवला आणि दुसरा चॅनेल लागला. वळणावळणावर कोन मोजायला उभे असलेले मार्शल तिथं आपसात बोलायचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कुणालची गाडी सुटली. स्पीकरमधून शार्दूलचा आवाज आला. हा भिवंडीच्या एका मास्तरांचा मुलगा, शर्यती भरवणारा.

"कार नऊ येतेय. कोन मोजू नका रे."

"तीन उडाले भाई, अभी से," वळणावरचा एक मार्शल.

"उडू दे. झीरो सांग. शेठचा पोरगा आहे, पुढच्या रविवारी गेट बंद करून घ्यायचंय का?"

"चलाता क्या है, ट्रॅक्टर?"

"मागचे दोन्ही कप आपणच दिले ना? हाही देऊ."

माना केसरीनाथकडे वळल्या. मग मागच्या रांगेतून राहीबाई, केसरीनाथची थोरली चुलती, बोळक्या तोंडानं म्हणाली, "केसरी, तुजा पोऱ्या काँक्रीट नांगरतंय काय रं?" आणि मांडव फुटला. उन्नतीच्या बापानं ओठ दाबून धरले, तरी त्याचे खांदे हलत होते.

"बंद करा तो," हौसा म्हणाली.

बंद केलं तर हरलो, असं केसरीनाथला वाटलं. त्यानं वॉकीटॉकी उचलला आणि बटण दाबलं.

"शार्दूल, मी केसरीनाथ. कोन मोज. येकूण येक मोज."

इथं थांबला असता तर मानानं घरी गेला असता. पण लोक अजून त्याच्याकडे बघून हसत होते, आणि ते हसू कुणाकडे तरी वळवायला हवं होतं.

"आन तुमी काय मला फसवलात? मला पैल्यापासून ठाव हाय. मीच म्हनलो होतो, द्या त्याला कप, त्याच्या आईस बरा वाटंल. त्याला म्हशीवर बसवला तरी पडंल तो."

धडधडीत खोटं होतं. पण मांडव आता त्याच्या बाजूनं हसला. तेवढ्यात पटांगणाच्या मधोमध नऊ नंबरची गाडी थांबलेली त्याला दिसली. पोर ऐकतंय हे त्याला तिथंच कळलं. कळूनही त्यानं अंगठा काढला नाही. हसू आटेल ही भीती पोरापेक्षा मोठी निघाली.

"लहानपनी सायकल शिकवली, तर विहिरीत घातलान. शाळेत घातला, तर मास्तरच पळाला. आता गाडी घेऊन दिली."

उन्नतीचा बाप पोट धरून हसत होता. उन्नती मान खाली घालून बसली होती. केसरीनाथनं दम खायला अंगठा सोडला, आणि स्पीकरमधून कुणालचा आवाज मांडवभर झाला.

"बाबा, माझा डबा याच चॅनेलवर असतो. हे मार्शल काय बोलतात ते मी दर रविवारी ऐकतो. मला माहीत होतं. तुम्ही खूश दिसायचात, म्हणून गाडी चालवत होतो."

कुणी हसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पोराची नव्हे, स्वतःची लाज वाटली. एक शब्द पुरला असता, आणि बटण अंगठ्याखालीच होतं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"बाजूला हो," तो म्हणाला. "मागची गाडी खोळंबलीय."

पुन्हा हशा झाला. "सोताच्या पोरावर हसतंय, मानूस दिलदार हाय," उन्नतीचा बाप शेजाऱ्याला म्हणाला.

"मी कवा कप मागितला?" हौसानं हळूच विचारलं. केसरीनाथनं जिलेबीचं ताट तिच्या हातात दिलं आणि पाहुण्यांकडे बोट केलं. ताट तिनं खाली ठेवलं आणि ती मांडवातून उठून पटांगणाकडे चालू लागली. ती पोचायच्या आत नऊ नंबरची गाडी गेटमधून हायवेला लागली होती. केसरीनाथ अजून हसत होता. थांबायचं कसं, ते त्याला कळत नव्हतं. लडकूनं विचारलं, बंद करू का? तो म्हणाला, राहू दे, आवाज मोठा कर.